रहाटाचा सिनेमा अडला आहे : समस्त ग्रामस्थ, मुंबईकर चाकरमानी व माहेरवाशिणींना आवाहन

सप्रेम नमस्कार वि. वि.

पत्र घाईत लिहीत आहे, चूकभूल द्यावी घ्यावी. मंडळाच्या सिनेमाचे चित्रीकरण शिमग्यानंतर थांबले ते पैशावाचून. सहा रात्रींचे काम उरले आहे. मृग लागायच्या आत ते झाले नाही तर आठ दिवसांत सडा (वरचे कातळाचे माळरान) हिरवागार होईल, आणि मग पुढच्या उन्हाळ्यापर्यंत कॅमेऱ्याला हात लावता येणार नाही.

मंडळाची ओळख आपणांस करून द्यायला नको. तरी हल्लीची मुले विचारतात, म्हणून थोडे लिहितो. रंगमंच बांधला तेव्हा त्याचा एकूण एक चिरा गावातल्या माणसांनी डोक्यावरून वाहून आणला. खाणवाल्यांनी चिऱ्याचे पैसे घेतले नाहीत, उलट पायाच्या दिवशी स्वतः नारळ आणला. पत्र्याचे पैसे मुंबईहून आले. लालबाग-परळच्या खोल्यांतून एकेका माणसाने पगारातून काढून ठेवलेले ते पैसे होते. 1982 चा संप झाला, गिरण्या बंद पडल्या, खोलीत चूल पेटायची मारामार होती, तरी त्या गणपतीला मंडळाची वर्गणी आली. ती कमी आली, पण कोणाचे नाव गळले नाही. ते पावतीपुस्तक आजही कपाटात आहे. कधी तरी येऊन बघा.

राज्य नाट्य स्पर्धेच्या रत्नागिरी केंद्रावर आपण किती वेळा उतरलो, त्याची यादी रंगमंचाच्या भिंतीवर आहे. प्रकाशयोजनेचे बक्षीस मिळाले त्या वर्षी दिवे होते चार, आणि पिठाच्या गिरणीच्या अण्णांनी तेलाच्या डब्यांचे पत्रे कापून त्यांना झडपा केल्या होत्या. परीक्षक आत येऊन ते डबे बघून गेले. अण्णांनी या सिनेमालाही पहिले अकरा हजार दिले, पावतीवर नाव घालू नका म्हणाले. म्हणून इथे घालत नाही, पण लोकांना कळायचे ते कळेल. वरच्या वाडीतल्या आक्कांनी आपली बारमाही विहीर चित्रीकरणाला दिली, शिवाय चौदा दिवस पंचवीस माणसांचा भात-पिठल्याचा रगाडा उपसला. दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ केला तेव्हा त्यांच्या पत्नी सरस्वतीबाईंनी दागिने तर दिलेच, वर सगळ्या कंपनीचा स्वयंपाकही केला. आक्कांना हे सांगितले तर म्हणाल्या, “दागिने मागू नकोस म्हणजे झालं.”

आता सिनेमाविषयी. गावात नाही नाही ते बोलले जाते, म्हणून एकदाच स्पष्ट लिहितो.

गोष्ट 1965 च्या सुमाराची आहे. त्या काळी हिवतापाचे कर्मचारी वाडीवाडीतून फिरत, डासांवर डीडीटी मारत, भिंतीवर तारीख घालत, बोटाला टोचून रक्ताचा थेंब काचेवर घेत. साठीच्या पुढच्या सगळ्यांना ते आठवत असेल. आपल्या सिनेमात तशाच वेशात दोन माणसे येतात. रक्त घेतात, एक गोळी देतात आणि दारावर गेरूने आकडा घालतात. लोक नेहमीप्रमाणे विचारत काही नाहीत. पुढे सम आकड्यांच्या घरांतल्या माणसांची तहान जाते. बाकी सगळे ठीक असते. माणसे शेतावर जातात, हसतात, भांडतात, फक्त पाणी पीत नाहीत. घागरी कोरड्या पडतात आणि भर वैशाखात विहीर काठोकाठ भरलेली असते. रहाटाचा आवाज हळूहळू कमी होतो आणि एके सकाळी येतच नाही. एवढेच भूत आहे. पांढरी साडी नाही, उलटे पाय नाहीत. ते हवे असतील त्यांनी चिपळूणला थेटरात जावे, आमचा राग नाही.

भोवती पिवळे, करपलेले गवत आणि मधोमध भरलेली विहीर, हे चित्र पावसाळ्यात मिळायचे नाही. मृगाची घाई त्यासाठी.

‘संथ आहे’ ही तक्रार मान्य आहे. शिमग्यात देवळासमोर चादर लावून आम्ही झालेले काम दाखवले, त्यात विहिरीचे एक दृश्य अकरा मिनिटांचे होते. पाचव्या मिनिटाला तरुण मंडळी उठली, सातव्याला मुंबईकर उठले, आणि मागून एकाने “अरे भूत कधी येणार?” म्हणून आरोळी ठोकली. लोक हसले. मीही हसलो, खोटे का बोला. पण अगदी पुढे बसलेली खालच्या वाडीतली म्हातारी आजी, जिला धड दिसतही नाही, तिने माझा हात धरला आणि विचारले, “काय रे, रहाट का थांबला?” दिग्दर्शक पोरगा शेजारीच उभा होता. त्या अकरा मिनिटांतला एक क्षणही आता तो कापायला तयार नाही, आणि कार्यकारिणीने त्याला पाठिंबा दिला आहे (दोन मते विरुद्ध, इतिवृत्तात नोंद आहे).

दुसरा आक्षेप असा की हे सगळे कपोलकल्पित आहे, न विचारता माणसांवर असले प्रयोग कोण करतो? लेखकाने तहान मनाने काढली, बाकीचे काढावे लागले नाही. अमेरिकेत अलाबामा राज्यात टस्कीगी येथे 1932 पासून चाळीस वर्षे सरकारी आरोग्य खात्याने सुमारे 600 गरीब कृष्णवर्णीय पुरुषांना नुसते निरखत ठेवले. त्यांतल्या 399 जणांना उपदंश (सिफिलिस) होता. तुमचे रक्त बिघडले आहे, उपचार चालू आहेत, असे सांगायचे, आणि त्यावर गुणकारी पेनिसिलीन आले तरी ते द्यायचे नाही! 1972 मध्ये वर्तमानपत्रात आले तेव्हा ते थांबले, आणि राष्ट्राध्यक्षांची माफी यायला 1997 उजाडले. सॅन फ्रान्सिस्को शहरावर 1950 मध्ये तिथल्याच नौदलाने समुद्रातून जंतू फवारून पाहिले, शहराला पत्ता नव्हता. आपल्याकडचे सांगायचे तर हाफकिन साहेबांनी आपण बनवलेली प्लेगची लस जानेवारी 1897 मध्ये आधी स्वतःला टोचून घेतली आणि मग भायखळ्याच्या तुरुंगातल्या कैद्यांना. कैदी राजीखुशीने पुढे आले होते असे म्हणतात. तुरुंगातल्या माणसाची राजीखुशी किती, यावर आमच्या तालमीत एक अख्खी रात्र वाद झाला. पण साहेबांनी आधी स्वतःचा दंड पुढे केला, हा फरक मोठा, आणि सिनेमातले ते दोघे स्वतःचा दंड कधीच पुढे करत नाहीत.

गावच्या आरोग्याचे काम बघणाऱ्या आपल्या आशाताईंनी संहिता वाचून बजावले की यातून लोकांनी लस-गोळीची भीती घेतली तर बघा! त्यांचे बरोबर आहे. हिवतापवाल्यांनी या भागाचे भलेच केले. म्हणून खरा हिवताप कर्मचारी सिनेमात घेतला आहे, आणि हे आकडे कोणी घातले असे पहिल्यांदा विचारणारा तोच आहे. ते दृश्य उरलेल्या सहा रात्रींत आहे. म्हणजे सिनेमा आहे तसा राहिला तर आशाताईंची भीती खरी व्हायची.

थोड्या पैशांत असा सिनेमा होतो का, असेही विचारतात. ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ हा 1968 चा अमेरिकन सिनेमा दहा जणांनी प्रत्येकी 600 डॉलर काढून सुरू केला होता. एका लहान गावाच्या आसपास तो केला आणि मेलेली माणसे म्हणून तिथलेच लोक चालवले. तो जगभर चालला, पण पडद्यावर हक्काची (कॉपीराइटची) सूचना घालायची राहून गेली आणि करणाऱ्यांच्या हाती यायचे ते आले नाही. (आपल्या सिनेमाच्या शीर्षकाच्या नोंदणीचा अर्ज गेला आहे, खजिनदार निश्चिंत असोत.) आणि श्याम बेनेगलांचा ‘मंथन’? गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये घातले आणि मग ट्रक भरभरून आपला सिनेमा बघायला गेले.

इथे थोडे बोलतो, राग मानू नये. या वर्षी आपल्या क्रिकेटच्या स्पर्धेला पहिले बक्षीस 51 हजारांचे होते आणि ते दोन दिवसांत जमले. चांगली गोष्ट आहे, माझा पुतण्याही खेळतो. मंडळाने सिनेमासाठी सभा बोलावली तेव्हा कार्यकारिणी सोडून तिघे आले, त्यांतला एक मीटरचे रीडिंग घ्यायला आला होता. मुंबईच्या सभेला मी रात्रीच्या गाडीने उभा गेलो. तिथे सगळ्यांनी “बघू” म्हटले. चहा उत्तम होता. ज्या खोल्यांनी संपात वर्गणी पाठवली त्यांचीच ही मुले-नातवंडे आहेत, आणि आता खोल्यांचे फ्लॅट झाले आहेत. याहून जास्त लिहीत नाही.

हिशोब : एकूण अंदाज 4 लाख 60 हजार. जमले 2 लाख 85 हजार, सर्व खर्ची पडले, पावत्या वाचनालयात ठेवल्या आहेत, कोणीही बघाव्यात. हवे आहेत 1 लाख 75 हजार. त्यात कॅमेरा व लेन्स भाडे सहा रात्री 42 हजार, जनरेटर व डिझेल 18, ध्वनिमुद्रण व मिक्सिंग 55 (रहाटाचा सिनेमा आहे, इथे काटकसर होणार नाही), संकलन 35, जेवण 15, प्रवास 10. पैसे मंडळाच्या नेहमीच्या बँक खात्यातच भरावेत, खाते क्रमांक गणपतीच्या पावतीवर छापलेला आहे तोच. रोख दिल्यास पावती घेतल्याशिवाय देऊ नये. आयकराची सवलत मिळत नाही, आधीच सांगतो. शेवटची तारीख 10 मे, चित्रीकरण 16 ते 21 मे. रुपये 501 च्या पुढे देणाऱ्यांचे नाव पडद्यावर येईल. कमी दिले तरी येईल, पण सगळ्यांचे एकत्र वाडीवार. पैसे नसतील त्यांनी रात्री माणूस म्हणून उभे राहायला यावे. सम आकड्यांच्या घरांना अजून चौदा माणसे कमी आहेत. नऊवारी नेसता येणाऱ्या बायकांनी आक्कांना निरोप द्यावा.

कळावे, लोभ आहे तो वाढावा.

आपला,
चिटणीस

ता. क. : जुने कंदील, तांब्याच्या घागरी आणि बिनप्लास्टिकचा पोहरा कोणाकडे असल्यास कळवावे, परत मिळतील. त्या सहा रात्री दहानंतर विहिरीच्या बाजूला मोटारसायकल आणू नये आणि कुत्री बांधून ठेवावीत. गेल्या खेपेला ‘गावात जिवंत काहीच उरलेले नाही’ या दृश्यात सरपंचांचा मोती चार वेळा भुंकला आहे.