हिरड्यांतनं रक्त येणं म्हणजे उष्णता नव्हे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आमच्याकडे ब्रश करताना कुणाच्या हिरड्यातनं रक्त आलं की उत्तर ठरलेलं, उष्णता झालीय, सब्जा घे. मी पण वर्षानुवर्षं हेच सांगत आले. खरं तर ती हिरड्यांच्या आजाराची पहिली खूण असते. आईच्या बाबतीत जे फार उशिरा कळलं ते दुसऱ्या कुणाला तरी वेळेत कळावं म्हणून लिहितेय.

आई गेली ४० वर्षं मिश्री, म्हणजे भाजलेल्या तंबाखूची पूड, लावते. सकाळी मोरीजवळ उकिडवं बसायचं, डबीतली चिमूट तळहातावर घ्यायची आणि बोटानं हिरड्या घासत राहायच्या, तोवर चहा निवून जातो. तिच्या हिरड्यातनं कधी रक्त आलं नाही आणि हे ती अभिमानानं सांगायची, तुम्हा ब्रशवाल्यांचंच रक्त येतं म्हणायची. मागच्या दिवाळीत खालचा पुढचा दात जिभेनं ढकलला तरी हलायला लागला. दुखत अजिबात नव्हता, म्हणून अजून दोन महिने गेले.

डॉक्टरांनी बारीक खुणा असलेली सळई दात आणि हिरडीच्या मधे घातली आणि एकेका दाताचे आकडे सांगत गेले, ५, ६, परत ६, ७. निरोगी हिरडीत ती १ ते ३ मिलिमीटरच आत जाते. एक्सरेत पुढच्या दातांभोवतीचं हाड निम्मं झिजलेलं दिसलं. मी विचारलं, मग रक्त कसं नाही आलं कधी? तर तंबाखूमुळे हिरडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात, त्यामुळे आजार आतून वाढत असला तरी रक्त कमी येतं. म्हणजे जी धोक्याची पहिली खूण, तीच मिश्रीनं झाकून टाकली होती! हे ऐकून मला रडूच आलं.

बाकीच्या खुणा मात्र होत्या, आम्हालाच वाचता आल्या नाहीत. तोंडाचा वास, दात लांब दिसायला लागलेले म्हणजे खरं तर हिरडी खाली सरकलेली, पूर्वी नव्हती ती फट पडून त्यात भाजी अडकायची, आणि हिरडी दाबली की कधीतरी पू यायचा. शिवाय आईला शुगर आहे, शुगर वाढलेली असली की हिरड्या लवकर बिघडतात आणि हिरड्या बिघडल्या की शुगर आटोक्यात यायला त्रास होतो, पण इतकी वर्षं गोळ्या चालू असून तोंड उघडून कुणी बघितलं नाही.

आणि दाताच्या डॉक्टरकडे 'सफाई केली की दात हलतात' असं लोक म्हणतात ना, त्यामुळेच आईनं पूर्वी एकदा सफाईला नकार दिलेला. दात आधीच सैल झालेले असतात हो, किटणानं, म्हणजे दातांवर साठून कडक झालेल्या थरानं, ते धरून ठेवलेले असतात, किटण निघालं की सैलपणा समजतो एवढंच. नुसतं रक्त आणि सूज आहे तोवर सफाई आणि नीट ब्रशनं हिरडी पूर्ववत होते. एकदा हाड गेलं की ते आपोआप परत येत नाही. रक्त येतं म्हणून तिथे ब्रश लावायचंच बंद करतात लोक, त्यानं उलट घाण साठते.

आईचे दोन दात काढावे लागले, बाकीच्यांची खोलवर सफाई झाली. मिश्री महिनाभर सुटली होती, परत लागली, परत सोडतेय. खाजगीत खर्च परवडत नसेल तर मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथे शासकीय दंत महाविद्यालयं आहेत. आपल्या आरोग्य पुरवणीत मिश्री लावणाऱ्या बायकांसाठी हिरड्यांच्या फोटोसकट एक पान द्याल का? आई वाचत नाही फारसं, पण फोटो बघून आरशात नक्की बघेल.

आपली,
एक वाचक, सातारा जिल्हा