शाळा उघडायला माणूस हवा : शालेय शिक्षण मंत्र्यांना खुले पत्र

मा. शालेय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

विषय : ग्रामीण अनुदानित माध्यमिक शाळांतील शिपाईपद पुन्हा नियमित करण्याबाबत

महोदय, सादर नमस्कार.

मी नागपूर जिल्ह्यातील उमरेड तालुक्यातल्या एका अनुदानित शाळेची मुख्याध्यापिका आहे. राज्याच्या इतर भागांत जूनच्या मध्याला शाळा सुरू होतात. विदर्भात उन्हामुळे त्या महिनाअखेरीस उघडतात. नवतपा संपला असला, तरी दुपारी बाराच्या पुढे वर्गात उभे राहवत नाही, आणि याच दिवसांत आम्हाला शाळा मुलांसाठी तयार करायची असते. उन्हाळाभर बंद राहिलेल्या खोल्यांत धूळ साचलेली असते, रचून ठेवलेल्या बाकांखाली विंचू निघतात, पहिल्या पावसाआधी जुन्या इमारतीवरचे कवेलू फेरून घ्यावे लागतात, पाण्याची टाकी उपसून धुवावी लागते. आठवीपर्यंतच्या मोफत पाठ्यपुस्तकांचे गठ्ठे आणणे, दहावी झालेल्यांचे दाखले देणे, नव्या मुलांचे प्रवेश नोंदवणे हे सारे त्याच आठवड्यांत चालते. यंदा या कामांसाठी आमच्याकडे एकही शिपाई नाही.

पूर्वी होते. मुले त्यांना मामा म्हणत. कोणत्या कवेलूतून पाणी गळते, कोणता नळ अर्धाच फिरवायचा, कोणत्या गावची एसटी उशिरा आली म्हणून कोणती मुले फाटकाबाहेर थांबली आहेत, हे त्यांना पाठ असे. एखादी मुलगी सलग तीन दिवस आली नाही, तर वर्गशिक्षकाच्या आधी मामांना कळे, आणि घरी परतताना ते वाट वाकडी करून तिच्या आईला विचारून येत. हे काम कोणत्याही कर्तव्यसूचीत लिहिलेले नव्हते. वर्षानुवर्षे एकाच शाळेत राहिलेल्या माणसाकडून ते आपोआप होत होते. ते सेवानिवृत्त झाले आणि त्यांच्यासोबत ते पदही गेले.

11 डिसेंबर 2020 च्या शासन निर्णयाने खासगी अनुदानित शाळांतील चतुर्थश्रेणी पदे, जसजशी रिक्त होतील तसतशी, व्यपगत करून त्यांच्याऐवजी ठोक शिपाई भत्ता देण्याचे ठरवले. ग्रामीण भागासाठी हा भत्ता महिन्याला 5,000 रुपये आहे. महिन्याचे 26 दिवस धरले, तर दिवसाला 193 रुपयेही होत नाहीत. रोजगार हमीच्या कामासाठी महाराष्ट्रात 2025-26 या वर्षाचा दर दिवसाला 312 रुपये होता. सकाळी सर्वांच्या आधी येऊन फाटक उघडायचे, स्वच्छतागृहे धुवायची, दिवसभर घंटा सांभाळायची आणि संध्याकाळी सर्वांच्या नंतर कुलूप लावायचे, या कामाला माती खणण्याच्या मजुरीपेक्षाही कमी मोबदला देऊन माणूस कसा टिकणार? जे येतात ते गरजेपोटी येतात आणि दुसरे काम मिळाले की जातात. त्यांना मी दोष देत नाही.

मग ही कामे कोण करते? वर्ग आणि मैदान शिक्षक व लिपिक झाडून काढतात, त्याचे आम्हाला काही वाटत नाही. स्वच्छतागृहांचे मात्र तसे नाही. विद्यार्थ्यांच्या हाती तो झाडू मी देणार नाही, आणि कोणत्याही मुख्याध्यापकाने देऊ नये. माणूस नसलेल्या दिवसांत मुलींचे स्वच्छतागृह दुपारपर्यंत वापरण्याजोगे राहत नाही, म्हणून आमच्या मुली शाळेत पाणी पिणे टाळतात. खेड्यांतून सकाळीच निघालेल्या, संध्याकाळच्या एसटीने परतणाऱ्या तेरा-चौदा वर्षांच्या मुलींबद्दल मी हे लिहीत आहे.

दुसरी काळजी सुरक्षिततेची आहे. ऑगस्ट 2024 मधील बदलापूरच्या घटनेनंतर शासनाने शाळांतील सीसीटीव्ही आणि कर्मचाऱ्यांची चारित्र्य पडताळणी यांवर भर दिला, आणि तो योग्यच होता. परंतु दर दोन-तीन महिन्यांनी नवा माणूस येत असेल, तर एकाची पडताळणी पूर्ण होईपर्यंत तो निघून गेलेला असतो. मुलांमध्ये दिवसभर वावरणाऱ्या व्यक्तीला आम्ही ओळखत असणे, तिच्यावर सेवेचे नियम लागू असणे आणि आपले काम जाईल याची तिला काळजी असणे, यातून जो धाक आणि जो विश्वास तयार होतो, तो कॅमेऱ्याने भरून निघत नाही.

पदे कमी करताना खर्चाचा विचार झाला असणार, हे मी समजू शकते, आणि सगळी जुनी पदे एकदम परत द्या, असे माझे म्हणणे नाही. प्रत्येक ग्रामीण अनुदानित माध्यमिक शाळेला किमान एक नियमित, वेतनश्रेणीतील शिपाईपद मिळावे. मुलींची संख्या जास्त असलेल्या शाळांना एक महिला कर्मचारी मिळावी. हे निर्णय होईपर्यंत भत्त्याची रक्कम निदान किमान वेतनाइतकी करावी आणि ती दरमहा, शिक्षकांच्या पगारासोबतच यावी. सहा-सहा महिने थकलेल्या पैशांसाठी कोणालाही आमच्या दारात ताटकळावे लागू नये.

उद्या सकाळी सात वाजता, ऊन चढण्याआधी, दोन शिक्षक आणि मी मिळून टाकी धुणार आहोत. पुढच्या आठवड्यात मुले येतील आणि शाळा वेळेवर उघडेल, याची हमी मी देते. हिवाळी अधिवेशनासाठी आपण नागपूरला याल, तेव्हा सकाळचा थोडा वेळ काढून उमरेडकडे यावे, अशी विनंती आहे. आपण आलात, तर फाटक उघडायला मी स्वतः उभी असेन.

आपली विश्वासू,
एक मुख्याध्यापिका
उमरेड तालुका, जिल्हा नागपूर