औषध थांबवले म्हणजे चाचणी सोडली असे नव्हे

महोदय,

नव्या औषधाच्या चाचणीत नाव नोंदवताना रुग्णाला 'तुम्ही केव्हाही, कारण न देता बाहेर पडू शकता' असे आवर्जून सांगितले जाते. माणसांवरील वैद्यकीय संशोधनाची नीतितत्त्वे सांगणाऱ्या 1964 च्या हेलसिंकी जाहीरनाम्यापासून मान्य असलेला हा हक्क आहे आणि त्याला धक्का लागता कामा नये. मात्र त्याला जोडून सांगायची गोष्ट बहुतेक वेळा राहून जाते: औषध बंद केले तरी चाचणीत राहता येते.

गोळीने मळमळते म्हणून रुग्ण गोळी सोडतो आणि आता आपले तिथे काय काम, असे समजून तपासणीलाही येईनासा होतो. त्रास झालेली माणसेच अशी गळत गेली, की उरलेल्यांवरून औषध आहे त्यापेक्षा निर्धोक दिसू लागते. म्हणून हिशेब करताना ज्याला ज्या गटात (नव्या औषधाच्या किंवा तुलनेच्या) घातले त्याला त्याच गटात मोजतात, त्याने औषध घेतलेले असो वा नसो. त्यासाठी त्याची शेवटपर्यंतची माहिती हवी. अखेरीस 400 जण हवेत आणि 20 टक्के गळतील असा अंदाज असेल, तर सुरुवातीला 500 घेतात. त्याने संख्या भरून निघते. पण त्रास झालेले गळाल्याने निष्कर्ष एका बाजूला झुकतो, तो तसाच राहतो. तीव्र हृदयविकाराच्या 15,526 रुग्णांवर झालेल्या रिव्हारोक्साबॅन या रक्ताच्या गुठळ्या रोखणाऱ्या औषधाच्या चाचणीचे उदाहरण घ्या. 2012 मध्ये अमेरिकी औषध नियामकाच्या सल्लागार समितीने या वापरासाठी मान्यतेची शिफारस केली नाही. अनेक रुग्णांचे पुढे काय झाले याची नोंदच नव्हती, हे त्यामागचे मोठे कारण होते.

म्हणून 'मला नको' असे रुग्ण म्हणाला, की काय नको ते विचारावे. फक्त औषध नको? तपासणीला येणे जमत नाही, पण फोनवर बोलणे चालेल? तेही नको, पण दवाखान्यातल्या नोंदी पाहिल्या तर हरकत नाही? की सगळेच नको? उत्तर तारखेसह लिहून ठेवावे. सगळेच नको असेल तर तिथेच थांबावे, पुन्हा आग्रह करू नये. तोवर जमलेली माहिती सहसा काढून टाकता येत नाही, हे त्याला संमतीच्या वेळीच माहीत असायला हवे. आणखी एक: स्टेरॉइड किंवा फिट्सची औषधे एकदम थांबवणे धोक्याचे असते. म्हणून सोडायचे ठरले तरी आधी फोन करा, हे पहिल्याच भेटीत सांगावे.

गळतीची कारणे पुष्कळदा अगदी साधी असतात. तारीख चुकली म्हणजे नाव कटले असे रुग्णाला वाटते. प्रत्यक्षात बहुतेक भेटींना पुढे-मागे काही दिवसांची सवड असते. उरलेल्या गोळ्या मोजल्या जातात, त्यामुळे चुकवलेल्या गोळ्या फेकून देऊन येणारेही असतात. 'राहिलेल्या गोळ्या तशाच घेऊन या, कुणी रागावणार नाही' हे एक वाक्य खरी माहिती मिळवून देते. उलट 'तुम्ही आला नाहीत तर आमचे काम अडेल' हे वाक्य कधीच वापरू नये. तो दबाव आहे.

संपर्काची व्यवस्था पहिल्या दिवशीच लावावी. फोन कधी करायचा हे विचारून घ्यावे आणि आणखी दोन जवळच्यांचे क्रमांक घ्यावेत. त्यांना काय सांगितलेले चालेल हेही रुग्णाकडूनच लिहून घ्यावे. शेजाऱ्याने फोन उचलला तर आजाराचा उल्लेख होता कामा नये. भेटीच्या दोन दिवस आधी आठवण करावी. भेट चुकली तर दुसऱ्याच दिवशी फोन करावा, उचलला नाही तर वेळ बदलून पुन्हा करावा, आणि मग पत्र. प्रवासखर्च प्रत्येक भेटीला हातात द्यावा. शेवटी एकरकमी देण्याची अट घातली, तर नको असतानाही माणूस अडकून पडतो.

चाचण्यांना मंजुरी देणाऱ्या नैतिकता समित्यांना आमची विनंती आहे. संमतीपत्र तपासताना 'औषध थांबवूनही मी चाचणीत राहू शकतो' हे वाक्य त्यात आहे का, ते पाहा. आठवणीचे संदेश आणि पत्रांचे मसुदे तुमच्याकडे मंजुरीला येतातच. तेही रुग्णाच्या नजरेने वाचा. आणि चाचणीचा निकाल सहभागींना कोण, कधी आणि कोणत्या भाषेत कळवणार, हे सुरुवातीलाच लेखी मागून घ्या.

आपले,
औषध चाचण्यांत रुग्ण-समन्वयाचे काम करणारे