प्रयोग बंद पाडलाय, कोर्टात जायला साथ द्या

मंडळी नमस्कार, आपल्या संस्थेच्या नव्या नाटकाचा प्रयोग रद्द झाल्याचं बहुतेकांना कळलंय पण कसा झाला ते सांगायलाच हवं. एका संघटनेने निवेदन दिलं की नाटकात देवाची विटंबना आहे, प्रयोग झाला तर आम्ही गप्प बसणार नाही. त्यांच्यातल्या कुणीच संहिता वाचली नव्हती, घरी आणून देतो म्हटलं तरी नको म्हणाले. रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं सर्टिफिकेट आपल्याकडे आहे, म्हणजे सरकारनेच पास केलेलं नाटक, आणि तरी आदल्या दिवशी प्रशासनाने आम्हाला बोलावून सांगितलं की कायदा-सुव्यवस्थेचा प्रश्न आहे, तुम्हीच कॅन्सल करा. लेखी द्या म्हटलं तर देत नाहीत, सगळं तोंडी, कारण कागदच नसला तर आव्हान कशाला देणार?

खरं तर सुप्रीम कोर्टाने 1989 सालीच रंगराजन केसमध्ये सांगितलंय की मोर्चा निघेल, हिंसा होईल अशा धमक्यांपुढे झुकून अभिव्यक्ती दाबता येत नाही, संरक्षण देणं हे सरकारचंच काम आहे. तामिळ लेखक पेरुमाळ मुरुगन यांच्या कादंबरीला विरोध झाल्यावर 2015 मध्ये प्रशासनाने अशीच बैठक घेऊन तडजोड म्हणून त्यांच्याकडून माफी लिहून घेतली होती, त्यांनी लिहिणंच सोडलं होतं हो, शेवटी 2016 मध्ये मद्रास हायकोर्टाने ती तडजोड बंधनकारक नाही म्हटलं तेव्हा ते परत लिहायला लागले. म्हणजे कायदा आपल्या बाजूने आहे, पण तिथपर्यंत पोचायला पैसा आणि माणसं लागतात.

आमची सगळी शिल्लक सेट आणि हॉलच्या भाड्यात गेली. याचिकेच्या खर्चासाठी जमेल तेवढं द्या, अगदी थोडं असलं तरी चालेल, पावती मिळेल आणि हिशोब सगळ्यांसमोर ठेवू. कोणी वकील ओळखीचे असतील तर बोलून बघा. तालमी बघितलेल्यांनी काय बघितलं ते सहीनिशी लिहून द्या, याची फार गरज आहे. आणि प्लीज, त्या संघटनेला शिव्या देणाऱ्या पोस्ट टाकू नका, आमच्यातलेही निम्मे रोज देवाला हात जोडून तालमीला येतात.

येत्या रविवारी संध्याकाळी तालमीच्या जागेवर पूर्ण संहिता वाचणार आहोत. विरोध करणाऱ्यांनाही बोलावलंय, तुम्ही पण या.