डॉक्टर मॅडम, तुम्ही पंखा बंद केलात

प्रिय डॉक्टर मॅडम,
स. न. वि. वि.

काल रात्री लेक सलग पाच तास झोपली. मीच जागी. घुरघुर कशी येत नाही म्हणून दोनदा उठून तिच्या नाकापाशी हात धरला. मग म्हटलं, मॅडमना आता लिहायलाच पाहिजे.

29व्या आठवड्यात झालेली, 1150 ग्रॅमची पोर. 19 दिवस व्हेंटिलेटरवर होती. घरी आणल्यावर महिन्याभरात श्वासाला आवाज यायला लागला, गळ्याखाली खळगा पडायचा. तीन ठिकाणी नेलं. ‘कमी दिवसांचं बाळ, फुप्फुसं कच्ची आहेत,’ म्हणून वाफ देऊन परत पाठवलं. रात्री आवाज वाढायचा, म्हणून मी तो मोबाईलवर रेकॉर्ड करून नेत होते. एकानंही ऐकला नाही. एक जण तर माझ्यासमोरच ह्यांना म्हणाले, ‘आईला जरा समजवा, उगाच घाबरतात.’ ते अजून सलतं.

तुमच्याकडं आलो तेव्हा बाहेर बसायला जागा नव्हती. तरी तुम्ही पंखा बंद करायला लावलात, मोबाईल कानाला लावलात आणि ते चाळीस सेकंद तीनदा ऐकलंत. म्हणालात, ‘आवाज श्वास आत घेताना येतोय, सोडताना नाही. वरची वाट बघायला पाहिजे. हे घेऊन आलात ते फार बरं केलंत.’ मी तिथंच रडले.

दुर्बिणीत स्वरयंत्राच्या खाली वण दिसला, व्हेंटिलेटरच्या नळीचा. तुम्ही कागदावर गोल काढलात: नवजात बाळाची तिथली वाट जेमतेम 4 मिलिमीटर, चहूबाजूंनी 1 मिलिमीटर सूज आली तरी पाऊण वाट बंद. भोवती कूर्चेचं अख्खं कडं, म्हणून सूज आतच येते. वाफेनं काय होणार होतं? त्याच नळीनं तिला जगवलं, नळीवर राग धरू नका, हेही तुम्हीच सांगितलंत. पुढं फुग्यानं वाट मोठी केलीत, ते तुमच्या हाताचं कसब. माझ्या मनात मात्र तो बंद पंखाच राहिलाय.

2019च्या पुरात अनोळखी पोरं नावेतनं आम्हाला भाकरी घेऊन आली होती. त्यांची नावंसुद्धा विचारायची राहिली. तुमच्याकडून निघताना तीच पोरं आठवली.

तपासणीला येऊच, पण दसऱ्याला वेगळं येणार, सोनं द्यायला. तेव्हा ती रडली तर रडू दे. आता आवाज चांगला खणखणीत निघतोय.

आपली,
एक आई, कोल्हापूर