चाकांचा लॅकर आणि तुमच्याकडची खारी हवा

पुणे

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार. तुझ्या गाडीच्या अ‍ॅल्युमिनियमच्या चाकांचे फोटो नीट मोठे करून बघितले, ती घासून आरशासारखी चकचकीत करायची म्हणतोस ना. कडेकडून आत सरकलेल्या त्या पांढऱ्या नागमोडी रेघा म्हणजे मळ नव्हे, कितीही घासलंस तरी निघायच्या नाहीत. खडी उडून किंवा फुटपाथला घासून लॅकरला, म्हणजे चाकावरच्या पारदर्शक थराला, चीर पडते, तिथून ओल नि मीठ आत शिरतं आणि अ‍ॅल्युमिनियम लॅकरच्या खालून गंजत जातं. रत्नागिरीत मांडवीच्या समुद्राच्या वाऱ्यात गाडी बारा महिने उघड्यावर उभी, मग दुसरं काय होणार!

पहिल्यांदा बॅटरीचा उजेड चाकावर तिरपा पाड. ग्रामोफोनच्या तबकडीवर असतात तशा बारीक गोल रेघा दिसल्या, तर ती लेथवर कातलेली डायमंड कट चाकं. त्यांना घरी घासायचा पेपर लावायचा नाही, त्या रेघा हाताने परत येत नाहीत. तुझ्या फोटोत सरसकट चंदेरी रंगच दिसतोय, म्हणून पुढचं लिहितो.

पंक्चरवाल्याकडून टायर उतरवून घे, म्हणजे रिमूव्हर रबरावर सांडायची धास्ती नको. जेलीसारखा घट्ट पेंट रिमूव्हर आण, ब्रशने जाडसर थापून दे आणि वरून प्लास्टिकचा कागद गुंडाळ, नाहीतर आपल्या उन्हात तो काम करायच्या आधीच सुकतो. थोड्या वेळाने लॅकरला सुरकुत्या पडून पापुद्रे सुटतात. ते प्लास्टिकच्या पट्टीने ओढायचे, लोखंडी पत्र्याने नाही. हे सगळं अंगणातच कर. डब्यावर मिथिलीन क्लोराइड लिहिलं असेल तर वास छातीत बसतो आणि पातळ रबरी हातमोजे बघता बघता निकामी होतात. त्यापेक्षा बेन्झाइल अल्कोहोलवाला बरा, फक्त त्याला वेळ द्यावा लागतो. कुणी कॉस्टिक सोड्याचा स्वस्त उपाय सांगेल, त्याचं ऐकू नकोस. कॉस्टिकने अ‍ॅल्युमिनियम फसफसतं, हायड्रोजन सुटतो आणि चाक काळं पडतं.

मग वॉटर पेपर, म्हणजे पाण्यात भिजवून घासायचा पेपर; नंबर जितका मोठा तितका तो बारीक. खड्डे असतील तिथे २४०, मग ४००, ६००, ८००, १०००, २०००. पाण्यात भांड्याच्या साबणाचे दोन थेंब टाक. प्रत्येक नंबर आधीच्याला आडवा फिरवायचा, म्हणजे मागचे ओरखडे गेले की नाही ते लगेच कळतं. मधला एखादा नंबर गाळायचा मोह होतोच, पण शेवटच्या पॉलिशने हे ओरखडे झाकत नाहीत, उलट उठून दिसतात. नटांच्या बैठका आणि हबला (चाक ज्यावर बसतं त्या भागाला) टेकणारी मागची बाजू मात्र अजिबात घासू नकोस.

२००० नंतर मेटल पॉलिश. फडकं काळंकुट्ट होतं, ते धातूच निघतंय, घाबरू नकोस. मात्र क्रोमसारखी झळाळी मागू नकोस, ओतीव चाकांत साधारण ७ टक्के सिलिकॉन असतं, ती थोडी करडीच राहतात.

आता तुला न आवडणारं सांगतो. तू चाकांचा आरसा करू नकोस. माझी चाकं मी लॅकर न मारता उघडी ठेवली आहेत, पण ती पुण्यात, आणि तरीही दर काही आठवड्यांनी मेण चोळत बसतो (घरच्यांचं म्हणणं, एवढा वेळ गॅस शेगडीला दिला असता तर!). रत्नागिरीत उघडं अ‍ॅल्युमिनियम एका पावसाळ्यात मंद पडेल. बरं, आरशावरच लॅकर मारावा तर गुळगुळीत धातूवर तो धरत नाही, पुन्हा सुटायला लागतो. म्हणून तू ४०० च्या पेपरवरच थांब. चाकं पूर्ण तेलमुक्त करून ओळखीच्या रंगाऱ्याकडे टाक. प्रायमर, चंदेरी रंग, वर टू-के क्लिअर (दोन भाग मिसळून मारायचा पारदर्शक लॅकर). तो क्लिअर घरी फवारायचा हट्ट धरू नकोस, त्यात आयसोसायनेट हे श्वासाला घातक रसायन असतं, साध्या मास्कने भागत नाही.

चाकं परत चढवताना नट समोरासमोरचे आळीपाळीने आवळ आणि पन्नासेक किलोमीटर फिरून आल्यावर पुन्हा एकदा पाना लावून बघ. रंगाऱ्याने काय भाव सांगितला ते कळव, महाग वाटला तर इथे विचारतो. काकूंना नमस्कार.

तुझा,
अवि