वीस गोळ्यांचा हिशेब

सुभेदारकाका,
सा. न. वि. वि.

लेखात तुमचं नाव घालायचं नाही, असं तुम्ही बजावलं होतंत. घातलं नाही. पण चारचौघांत आभार मानायचे नाहीत, असं काही ठरलं नव्हतं; म्हणून हे पत्र.

‘डेंजर क्लोज’ या ऑस्ट्रेलियन युद्धपटावरच्या माझ्या लेखाचा खर्डा तुम्ही ओसरीवर बसून वाचलात आणि ‘ऑस्ट्रेलियन जवान धडाधड मशीनगन चालवतात’ या वाक्यावर बोट ठेवलंत. “अरे, ही एसएलआर, सेल्फ-लोडिंग रायफल! एकदा घोडा दाबला की एकच गोळी. हीच घेऊन आम्ही बेळगावात धावलो.” त्यांची ऑस्ट्रेलियातल्या लिथगो कारखान्यातली, तुमची बंगालमधल्या ईशापूरची, घराणं एकच, बेल्जियमच्या एफएएल रायफलीचं. मशीनगन म्हणजे ती गोळ्यांच्या पट्ट्याची एम-६०. मी सगळ्यांनाच एका माळेत ओवलं होतं.

मग कोपऱ्यातली छत्री उचलून तुम्ही खांद्याला लावलीत. कॉकिंग हँडल डावीकडे, म्हणून उजवा हात मुठीवरून हलत नाही. मॅगझीनचं, म्हणजे वीस गोळ्यांच्या डबीचं, पुढचं टोक आधी अडकवायचं, मग मागची बाजू वर ओढायची, खट् वाजेपर्यंत. तेवढ्यात काकू चहा घेऊन आल्या. तुम्ही आधी छत्रीचं टोक जमिनीकडे केलंत, मग कप घेतलात. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी!

त्या रात्री सिनेमा पुन्हा पाहिला. १८ ऑगस्ट १९६६, व्हिएतनाममधलं लाँग तान, रबराची बाग, धो धो पाऊस आणि ऑस्ट्रेलियन फौजेच्या डी कंपनीचे १०८ जण. रायफलवाल्यांकडे तीन-तीन मॅगझीन, म्हणजे साठ गोळ्या. हेलिकॉप्टरमधून दारूगोळा टाकतात त्या प्रसंगाला मी नुसतं ‘थरारक’ म्हणून मोकळा झालो होतो. “मॅगझीनमध्ये वीस राउंड अंगठ्यानं भरून बघ, तेही चिखलात,” हे तुमचं वाक्य आठवलं आणि या वेळी माझं लक्ष हेलिकॉप्टरवर नव्हतं, खालच्या हातांवर होतं. त्या पेट्या ब्लँकेटांत गुंडाळून टाकल्या होत्या. ब्लँकेटं जखमींच्या उपयोगी पडावीत म्हणून. त्या लढाईत १८ ऑस्ट्रेलियन गेले.

सिनेमाच्या नावाचा अर्थही तुम्हीच सांगितलात: तोफगोळे आपल्याच माणसांच्या धोकादायक जवळ पडणार, ही तोफखान्याला दिलेली सूचना. मी ते प्रेमकथेचं नाव समजलो होतो. हे मात्र कुणाला सांगू नका.

अंक छापून आलाय. खर्ड्याच्या कागदांत तुमचा चष्मा माझ्याकडे आला होता, तोही रविवारी आणतो.

आपला,
शेजारच्या वाड्यातला लेखक